मुलाची कावीळ रेंगाळली तर

पावसाळा लागला की अंधेरी-बोरिवलीत काय आणि घाटकोपर-मुलुंडला काय, दवाखान्यांत काविळीची मुलं दिसू लागतात. कुठे पाण्याच्या पाइपात गटाराचं पाणी शिरतं. कुठे शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा बाधतो. मुलांची ही कावीळ बहुतेक वेळा हेपॅटायटिस ए या विषाणूची असते. आराम, साधं जेवण आणि डॉक्टरांची नजर, एवढ्यावर ती काही आठवड्यांत बरी होते.

हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरात नाही तर शेजारी कुणाला तरी ती होऊन गेलेली आहे. आणि म्हणूनच काळजी वाटते. "कावीळ काय, होते बरी," या भरवशावर एक वेगळी कावीळ घरात महिनोन्महिने राहून जाते. आज तिच्याविषयी सांगायचं आहे.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. काही मुलांत तिची ओळख चुकते. सोसायटीच्या वॉचमनने घरच्याच माणसाला चोर समजून धरावं, तसं ती स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडते. सांध्यांवर पडली की संधिवात होतो. त्वचा, मूत्रपिंडं, रक्त अशा अनेक ठिकाणी एकदम पडली की ल्युपस होऊ शकतो. यकृतावर पडली की त्याला ऑटोइम्यून हेपॅटायटिस म्हणतात.

हा आजार दूषित पाण्याने होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुलाने बाहेरचं खाल्लं म्हणून झालेला नसतो आणि आईच्या कुठल्या चुकीमुळे तर मुळीच नाही. तो मुलांपेक्षा मुलींत जास्त दिसतो. घरात कुणाला थायरॉइड, लहानपणापासूनचा मधुमेह, कोड किंवा संधिवात असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका.

आता काय करायचं ते ऐका.

डोळे पिवळे दिसले त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करा. त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. साधारण आठवड्याने पुन्हा तपासा, म्हणजे आकडे चढताहेत की उतरताहेत ते कळेल. दोन आठवडे झाले तरी पिवळेपणा उतरणीला लागला नसेल, तर ही नेहमीची कावीळ आहे असं गृहीत धरू नका.

कावीळ बरी होऊन काही महिन्यांनी पुन्हा आली, तरी हेच. हेपॅटायटिस ए एकदा झाला की शरीराला त्याच्यापासून जन्मभराचं संरक्षण मिळतं. पहिल्या काही महिन्यांत त्याची एखादी लाट पुन्हा येऊ शकते, हे खरं. पण ती आहे की दुसरं काही, हे तपासणीनेच ठरतं.

काही मुलांत तर डोळे पिवळे होतच नाहीत. मूल नुसतं दमतं. खेळायला जात नाही. शाळेतून आलं की दप्तर टाकून झोपतं. वजन वाढत नाही. नाकातून रक्त येतं, जरा लागलं की काळंनिळं होतं. सांधे दुखतात. वयात आलेल्या मुलीची पाळी थांबते. यातलं एकेक वेगळं पाहिलं तर क्षुल्लक वाटतं. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर यकृताची तपासणी करायला सांगा. ती साधी रक्ताची तपासणी आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी एक तासही थांबू नका. मूल दिवसा झोपतंय आणि रात्री जागतंय, असंबद्ध बोलतंय, ओळखीच्या गोष्टी विसरतंय. रक्ताची उलटी झाली. शी डांबरासारखी काळी झाली. पोट फुगून टणक झालं. अशा वेळी १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या रिक्षाने जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे एक प्रश्न नक्की विचारा: "रक्त गोठायची तपासणी केली का?" यकृत किती थकलंय, हे त्या तपासणीत लवकर कळतं.

कावीळ उतरवण्याबद्दलही बोललं पाहिजे.

कुणी माळ घालायला सांगेल. ती वाढत गेली की कावीळ उतरली, असं म्हणतील. कुणी नाकात थेंब टाकणाऱ्याचा पत्ता देईल. गावाहून कुणी पुडी पाठवेल. ही माणसं तुमच्या भल्यासाठीच सांगतात, त्यांच्याशी भांडू नका. पण एक लक्षात घ्या. हेपॅटायटिस एची कावीळ आपोआपच उतरते, आणि श्रेय माळेला मिळतं. ऑटोइम्यून कावीळ माळेने उतरत नाही. उलट त्या आजारात पिवळेपणा अधूनमधून कमी होतो, घरच्यांना वाटतं गुण आला, आणि आत यकृताचं नुकसान चालूच राहतं. निबर होत गेलेलं यकृत पुन्हा पहिल्यासारखं होईलच, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. हातचे गेलेले महिने इथेच महाग पडतात.

पोटात घ्यायच्या पुड्या आणि काढे तर नकोच. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. गुळवेलीचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळे गुळवेल घेत होते, आणि त्यांच्या यकृतात ऑटोइम्यून आजारासारखी चिन्हं होती. २०२१मध्ये ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मुंबईतले ते सहा जण मोठी माणसं होती, मुलं नव्हती. पण ज्या मुलाची प्रतिकारयंत्रणा आधीच बिथरलेली आहे, त्याला ती आणखी चेतवणारं काही देऊ नये, एवढा धडा त्यातून घेता येतो. "इम्युनिटी वाढवणारं" असं ज्याच्यावर लिहिलेलं असेल, ते या मुलांसाठी नाही.

उसाचा रस द्यायचा असेल तर घरी काढलेला द्या. गाडीवरच्या रसातला बर्फ आणि पाणी कुठलं, ते तुम्हाला माहीत नसतं. हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, नुसता भात आणि साखरपाणी, असंही करू नका. हळद खाल्ल्याने डोळे पिवळे होत नाहीत. आजारी यकृत असलेल्या मुलाला ताकदीचं जेवण लागतं. वरणभात, दूध, अंडं, मऊ भाजी द्या. एकावेळी जात नसेल तर थोडं थोडं, चार-पाचदा द्या. ताप आला तर पॅरासिटामॉलसुद्धा वजनानुसार डोस विचारूनच द्या.

तपासणीला जाल तेव्हा डॉक्टर एकेक कारण बाजूला काढत जातील. हेपॅटायटिस ए, बी, सी, ई. मग विल्सन नावाचा एक आजार, ज्यात यकृतात तांबं साठतं. त्यासाठी डोळ्यांची तपासणीही करतील. मग शरीर स्वतःवर उलटलंय का, ते दाखवणाऱ्या अँटीबॉडीच्या तपासण्या. सोनोग्राफी. आणि बहुधा बायोप्सी.

बायोप्सी म्हटलं की घरात घबराट होते. कॅन्सर आहे का, असं आजी विचारते. नाही. यकृताचा सुईच्या जाडीचा तुकडा काढून पाहतात, एवढंच. मूल झोपेच्या औषधावर असतं. नंतर काही तास पडून राहावं लागतं. आजार कुठला आणि किती मुरलाय, हे त्याशिवाय नीट कळत नाही. डॉक्टरांनी सुचवली तर टाळू नका.

कुठे जाल? आधी जवळ जा. घाटकोपरला राजावाडी, विलेपार्ल्याला कूपर, कांदिवलीला शताब्दी. केसपेपर काढा, बालरोगाच्या ओपीडीत दाखवा, पहिल्या तपासण्या तिथे करून घ्या. पुढे पाठवायची गरज पडली तर परळला केईएम आहे आणि त्याच रस्त्यावर बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल आहे. ते १९२९पासून फक्त मुलांचं हॉस्पिटल आहे. मुलुंड-घाटकोपरहून धिम्या लोकलने परळ, बोरिवली-अंधेरीहून प्रभादेवी. सकाळी लवकर निघा. सगळे जुने कागद तारखेप्रमाणे एका फाइलला लावून न्या. मोबाइलमधल्या फोटोंवर अवलंबून राहू नका. डॉक्टरांना एका नजरेत सहा महिन्यांचे आकडे दिसले, तर तुमच्या मुलाचा बराच वेळ वाचतो.

आता औषध. सगळ्यात जास्त मुलं इथे चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगणं भाग आहे.

या आजाराचं मुख्य औषध स्टेरॉइड आहे. प्रेडनिसोलोन. केमिस्टकडे वायसोलोन म्हणूनही मिळतं. सुरुवातीला डोस मोठा असतो, मग काही आठवड्यांत कमी करत आणतात. जोडीला बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन नावाची दुसरी गोळी देतात, म्हणजे स्टेरॉइड कमीत कमी लागतं.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की आईवडील कचरतात. त्या भीतीत तथ्य अजिबात नाही, असं नाही. पण औषध न घेतल्यास काय होतं, तेही ऐका. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी १९७१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. यकृताच्या अशाच चिवट आजाराचे ४९ रुग्ण होते. २२ जणांना प्रेडनिसोलोन दिलं, २७ जणांना दिलं नाही. काही वर्षांच्या देखरेखीत औषध घेणाऱ्यांपैकी ३ दगावले. न घेणाऱ्यांपैकी १५. आज बहुतेक मुलांचा आजार या गोळ्यांनी आटोक्यात येतो, मुलं शाळेत जातात, परीक्षा देतात, खेळतात. आणि या गोळ्या फार महाग नाहीत.

त्रास होतो, तो मात्र आधीच माहीत असू द्या. चेहरा गोल होतो. भूक खूप लागते. मुरमं येतात. चिडचिड वाढते. रक्तदाब आणि साखर वाढू शकते. हाडं नाजूक होऊ शकतात. म्हणून लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, सुका बोंबील हे खारट पदार्थ कमी करा. नाचणी, दूध, तीळ वाढवा. डोळे आणि रक्तदाब डॉक्टर सांगतील तेव्हा तपासा. गोळी खाल्ल्यावर द्या, उपाशीपोटी नको.

डोस कमी झाला की चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होतो. हे मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगा. पुन्हा पुन्हा सांगा. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, वर्गात कुणी "जाडी" म्हटलं की रात्री गोळी बेसिनमध्ये टाकते आणि तुम्हाला सांगत नाही. तिला ओरडू नका. गोळी रोज एका ठरलेल्या वेळी, तुमच्यासमोर घ्यायची पद्धत पाडा. शाळेत वर्गशिक्षिकेला आजार सांगून ठेवा. पाहुण्यांनी तिच्या तोंडावर तिच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, हेही घरात स्पष्ट सांगा.

गोळी अचानक बंद करायची नाही. कधीच नाही. स्टेरॉइड चालू असताना शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं. गोळी एकदम बंद झाली तर मूल गळून जातं, रक्तदाब घसरतो, जिवावर बेततं. आजारही उसळतो. उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मे महिन्यात गावी जाताना दोन आठवड्यांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या. कोकणात किंवा घाटावर तालुक्याला ती मिळेलच, असं धरून चालू नका.

रक्ताचे आकडे नीट आले की मन म्हणतं, आता पुरे. आकडे नीट आलेत ते गोळीमुळे. सगळं नीट राहून दोन-तीन वर्षं गेल्याशिवाय डॉक्टर औषध थांबवायचा विचारही सहसा करत नाहीत. बऱ्याच मुलांना त्याहून जास्त काळ लागतं. तोपर्यंत ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचं. मूल ठणठणीत दिसत असलं तरी.

या गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणून ताप आला तर घरी दोन दिवस काढू नका. वर्गात किंवा मजल्यावर कुणाला कांजिण्या आल्या आणि तुमच्या मुलाला त्या आधी झाल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कुठलीही लस विचारूनच. घरात पाच वर्षांच्या आतलं असं मूल असेल, तर पोलिओच्या रविवारी बूथवर डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या थेंबांत जिवंत विषाणू असतो. हेपॅटायटिस ए आणि बीची लस मात्र राहिली असेल तर आठवणीने मागा. आधीच दुखावलेल्या यकृतावर पावसाळी काविळीचा दुसरा घाव नको.

ज्यांच्या मुलाला संधिवात किंवा ल्युपस आधीच निघालाय, त्यांनी पोटाकडेही लक्ष ठेवायचं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज नाही. एक वार ठरवा आणि डबीवर मोठ्या अक्षरात लिहा. चुकून रोज दिली गेली तर फार गंभीर होतं. ती यकृतालाही लागू शकते, म्हणून रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. ल्युपसच्या मुलाचं पोट दुखलं तर अपचन समजून ओवा देत बसू नका. आतड्याच्या रक्तवाहिन्या किंवा स्वादुपिंड सुजलेलं असू शकतं. स्टेरॉइडवरच्या मुलाला आत बरंच बिघडलेलं असूनही दुखणं कमी जाणवतं.

पायांवर, ढुंगणावर जांभळे उठाव आले आणि सोबत पोटात कळा, तर त्याच दिवशी दाखवा. आतड्यात आतडं अडकू शकतं. जांभळ्या उठावांचा हा आजार बरा झाल्यावरही काही महिने लघवी तपासत राहावी लागते. आठवडे उलटले तरी शीमधून रक्त आणि आव जात असेल, वजन घटत असेल, तर नुसती जंताची औषधं पुरत नाहीत. आपल्याकडे पोटाचा टीबीही असतो आणि आतड्याचा क्रोन्स नावाचा ऑटोइम्यून आजारही. दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र उलट दिशेचे. म्हणून औषध सुरू होण्याआधी दुर्बीण आणि तुकड्याची तपासणी होणार आहे का, ते विचारा.

आणि गहू. काही मुलांच्या आतड्याला गव्हातलं ग्लूटेन चालत नाही. याला सेलिअ‍ॅक म्हणतात. पोट फुगतं, जुलाब होतात, उंची खुंटते, रक्त कमी राहतं. यकृताचे आकडेही यामुळे वाढतात आणि गहू सोडल्यावर बऱ्याचदा खाली येतात. लहानपणीचा मधुमेह, थायरॉइड किंवा ऑटोइम्यून हेपॅटायटिस असलेल्या मुलांत तो जास्त आढळतो. पण तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधी बंद केला तर तपासणी खोटी चांगली येते आणि खरं कळायचं राहून जातं.

निदान झाल्यावर मात्र गहू पूर्ण बंद. चिमूटभरही नाही, सणालाही नाही. आपलं नशीब असं, की आपल्या स्वयंपाकघरात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आधीपासून आहेत. उपवासाचं साबुदाणा, वरई, राजगिरा चालतं. गणपतीत उकडीचे मोदक द्या, तळणीचे नकोत. लपलेला गहू ओळखायला शिका. थालीपिठाच्या भाजणीत तो असतो. मेतकुटात असतो. बाजारच्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. पूजेचा शिरा रव्याचा असतो. बटाटावडा बेसनाचा असला तरी ज्या तेलात समोसे तळले त्यातच तो तळलेला असतो.

गिरणीचं काय? तिथे गव्हावर दळलेली ज्वारी या मुलाला चालत नाही. घरघंटी असेल तर ती गव्हापासून वेगळी ठेवा. नसेल तर ग्लूटेन नसल्याची छाप असलेलं पीठ आणा. पोळपाट, लाटणं, तवा वेगळा. शाळेच्या डब्यात वाटून खाताना काय घ्यायचं नाही, ते मुलाला शिकवा आणि त्याच्या दोस्तांनाही सांगा. मुलं समजून घेतात.

पैशांची चिंता असेल तर बोला, लाजू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. पालिकेच्या हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो, तिथे जा. धर्मादाय कायद्याखाली येणाऱ्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा. मूल अ‍ॅडमिट झाल्यावर त्यासाठी धावायला लागू नये. रोजच्या गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त पडतात, पण औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून घ्या.

आणि सेलिअ‍ॅकचं एक सांगायचं राहिलं: एका मुलाला तो निघाला असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या आणि तुमचीही. त्यांना काही त्रास होत नसला तरीही.